वडिलांचा वाढदिवस आणि मोठ्या हॉटेलातील मुक्काम



परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या तरुण कुटुंबांत गेल्या काही वर्षांपासून एक नवी चाल रूढ होऊ लागली आहे. आईचा अथवा वडिलांचा सत्तरावा किंवा ऐंशीवा वाढदिवस आला, म्हणजे घरी आप्तेष्टांना बोलावण्याऐवजी त्या वृद्ध मातापित्यांस एखाद्या मोठ्या शहरातील उंची हॉटेलात एकदोन रात्रींच्या मुक्कामास नेण्यात येते. ही चाल चांगली की वाईट, असे आम्हांला पुष्कळदा विचारण्यात येते. त्यावर लिहिण्याचा योग आजवर आला नव्हता. जर्मनीतील गेर्लिंगेन येथून एका भगिनीचे सविस्तर पत्र आले आणि तो आता जुळून आला.

गेर्लिंगेन हे श्टुटगार्ट शहराच्या पश्चिमेस असलेले सुमारे वीस हजार वस्तीचे गाव. उतारावर द्राक्षांचे मळे, माथ्यावर दाट रान. त्या माथ्याला शिलरहोए असे नाव असून बॉश या जगप्रसिद्ध कंपनीचे मुख्य कार्यालय तेथेच आहे. बॉशचा मोठा कारखाना आपल्या नाशिकलाही असल्याने या जर्मन गावात मराठी कानी पडणे ही फारशी नवलाची गोष्ट नव्हे. शिवाय श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ सालापासून भगिनी शहरे म्हणून जोडलेली आहेत. पत्र लिहिणाऱ्या भगिनी मूळच्या ठाण्याच्या. त्यांचे यजमान लोद येथे जन्मलेले, आता नोकरीनिमित्त जर्मनीत. यजमानांचे वडील तरुणपणी परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. १९७१ साली ते सपत्नीक इस्राएलला आले आणि लोदच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण व्हायची होती आणि उभयता मुलाकडे उन्हाळ्यासाठी आली होती.

पहिला घोळ तारखेचा. शाळेच्या दाखल्यावर, आणि म्हणून पुढे पासपोर्टवरही, त्यांची जन्मतारीख १ जून अशी आहे. आमच्या पिढीतील निम्मा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मलेला आहे. शाळेत नाव घालताना मुलगा सहा वर्षांचा दिसला पाहिजे, एवढ्याच हिशेबाने गुरुजी ती तारीख लिहून मोकळे होत. त्यांच्या आईचे सांगणे मात्र वेगळे होते. मुलगा बिर्ड्याच्या रोजाच्या दुसऱ्या दिवशी जन्मला, बाहेर धो धो पाऊस होता आणि घरात आदल्या दिवशीच्या बिरड्याचा वास होता, असे ती म्हणे. आईच्या साक्षीपुढे गुरुजींचा दाखला टिकत नाही, असा निर्णय कुटुंबाने केला आणि तो आम्हांला योग्य वाटतो. उपवासापूर्वीचे नऊ दिवस मेजवानीचे नसल्याने मुक्काम त्या नंतरच्या आठवड्यात ठरला, हेही बरे झाले.

मुलाने श्टुटगार्टच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळील एका मोठ्या हॉटेलात दोन रात्रींसाठी खोल्या ठरविल्या आणि वडिलांस सांगितले. वडील आनंदले नाहीत. त्यांनी विचारले, की तुझे घर येथून अर्ध्या तासावर असता आम्ही हॉटेलात का उतरावे? पुढे विचारले, की याला किती पडले? मुलगा हसून म्हणाला, “बाबा, तुम्ही नुसते आनंद करा, आकडे विचारू नका.” त्या दिवसापासून वृद्ध गृहस्थ गप्प झाले. सूनबाईंनी आम्हांला विचारले होते, की खोल्या रद्द कराव्यात काय?

रद्द करू नयेत, असे आम्ही कळविले. त्याबरोबर काही गोष्टी करण्यास सुचविले. त्यामागचा आमचा विचार येथे थोडा विस्ताराने मांडतो.

मुंबईच्या जुन्या माणसाच्या तोंडी हॉटेल म्हणजे चहाचे दुकान. इराण्याच्या हॉटेलात बसावे, ब्रून-मस्का चहात बुडवून खावा आणि कामावर जावे. हॉटेलात ‘उतरणे’ ही गोष्ट निराळी. ज्याचे त्या गावात कोणी नाही, तोच हॉटेलात उतरतो. नवगाव-रेवदंड्यापासून पेण-पनवेलपर्यंत आपल्या माणसांत रीत अशी, की पाहुणा आपल्याकडे न येता दुसऱ्या नातलगाकडे उतरला तरी वर्षभर अबोला धरावा. दोन खोल्यांच्या चाळीत चौदा माणसे झोपली, पण कोणास बाहेर पाठविले नाही, हे आमच्या पिढीने अभिमानाने सांगावयाचे वैभव होते. अशा माणसास मुलगा म्हणतो, “चला, तुम्हांला हॉटेलात ठेवतो.” मुलाच्या मनात मान असतो, बापाच्या कानावर मात्र घराचे दार लागल्याचा आवाज येतो. म्हणून आमची पहिली सूचना अशी, की मातापित्यांस हॉटेलात ‘पाठवू’ नये. सर्वांनी एकत्र जावे, नातवंडांसह जावे, आणि मूळ समारंभ आधी घरी करावा. गेर्लिंगेनच्या घरात पोहे भिजवून, ओले खोबरे, गूळ, वेलदोडे घालून मलिदा करावा, फळे मांडावी, मनुकांचे शरबत करावे, एलियाहू हन्नाबीचे स्मरण करावे, आणि मग खुशाल हॉटेलात जावे.

दुसरी गोष्ट पैशाची. “किती पडले?” हा प्रश्न ऐकला की शिकल्यासवरल्या मुलांस संकोच वाटतो. बाप कंजूष आहे किंवा त्याला आपला आनंद पाहवत नाही, असे त्यांना वाटते. वस्तुतः ज्याने आयुष्यभर महिन्याचा पगार आणून आईच्या हाती दिला आणि एकेका रुपयाला त्याचे काम नेमून दिले, त्याला किंमत ठाऊक नसलेली वस्तू आपली वाटतच नाही. यरुशलमी तलमूदातील एक गोष्ट या प्रसंगास अगदी नेमकी लागू पडते. एक मुलगा बापाला पुष्ट कोंबड्या खाऊ घालीत असे. बापाने एकदा विचारले, की मुला, हे तू कोठून आणतोस? त्यावर मुलाने त्यास उद्धटपणे गप्प बसून खाण्यास सांगितले, जणू कुत्र्यासमोर टाकलेले अन्न. दुसरा एक मुलगा जात्यावर दळण दळून पोट भरी. राजाकडून वेठीचे बोलावणे आले, तेव्हा त्याने बापास घरी जात्याशी बसविले आणि वेठीला स्वतः गेला. कारण मार किंवा अपमान व्हायचाच, तर तो आपल्या वाट्यास यावा. आपल्या हाखामांचा निर्णय असा, की कोंबड्या खाऊ घालणारा नरकाचा धनी झाला आणि दळण दळावयास लावणारा स्वर्गाचा.

गेर्लिंगेनचा मुलगा उद्धट नव्हता, प्रेमानेच बोलला. तथापि बापाच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही, एवढे साम्य उरतेच. म्हणून आमचे सांगणे असे होते, की आकडा सांगावा, स्पष्ट सांगावा आणि वडिलांना त्यात काही भर घालू द्यावी.

त्या पत्रात तिसरीही एक गोष्ट होती, ती वृद्ध गृहस्थांनी उघड बोलून दाखविली नव्हती. ते मुलाकडे येतात ते मुलाच्या घरी. पण जर्मन हॉटेलात, जर्मन यजमानाच्या छताखाली निजावे काय, हा विचार त्यांच्या मनात आला असावा, असे सूनबाईंस वाटत होते. हिंदुस्थानात आपल्या लोकांस यहुदी म्हणून कोणी दारातून परत पाठविले नाही. जर्मनीत मात्र हिटलर येण्याच्या पुष्कळ आधीपासून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच, यहुद्यांना न घेणारी हॉटेले व किनाऱ्यावरील विश्रामस्थाने होती. बोर्कुम हे बेट त्यासाठी कुप्रसिद्ध होते. कोठे उतरू नये याच्या याद्या तेथील यहुदी संस्थांना आपल्या नियतकालिकांतून छापाव्या लागत. श्टुटगार्टचे ग्राफ झेपेलिन हे नामांकित हॉटेल स्थानकासमोर उघडले ते १९३१ साली, म्हणजे नाझी सत्तेवर येण्याच्या दोनच वर्षे आधी. १८६१ साली बांधलेले शहराचे सिनेगॉग १९३८ च्या नोव्हेंबरात जाळण्यात आले. त्याच जागी १९५२ साली नवे उभे राहिले. १ डिसेंबर १९४१ रोजी सुमारे एक हजार यहुद्यांना किलेसबर्ग टेकडीवर गोळा करून उत्तर स्थानकातून रीगा येथे रवाना केले गेले. त्यांतील फारच थोडे वाचले. त्या रुळांवर २००६ सालापासून एक स्मारक आहे, आणि भिंतीवर नेलेल्यांची नावे आहेत.

हे मनात असणाऱ्या माणसास, “बाबा, ते सारे आता इतिहासजमा झाले,” असे म्हणणे म्हणजे पुन्हा “आकडे विचारू नका” म्हणण्यासारखेच. त्यांना विचारावे आणि आधी कोठे जायचे ते त्यांना ठरवू द्यावे, असे आम्ही लिहिले.

यावर सूनबाईंचे दुसरे पत्र आले, ते आम्हांस फार आवडले. मुलाने कागदावर हिशेब मांडून वडिलांपुढे ठेवला. त्यांनी युरोंचे शेकेल केले, शेकेलांचे रुपये केले, परळच्या पगाराने भागले आणि म्हणाले, “म्हणजे दोन रात्रींत माझी इतकी वर्षे!” पण मग हसले. दोन्ही दिवसांच्या दुपारची कॉफी व केक सर्वांसाठी आपण देणार, अशी अट त्यांनी घातली आणि ती मान्य झाली. मलिदा घरी झाला. दुसऱ्या सकाळी मंडळी ‘यू-६’ या गाडीने निघाली. ही गाडी गेर्लिंगेनहून सुटते व थेट श्टुटगार्टच्या मुख्य स्थानकास नेते. सामान हॉटेलात ठेवून वडील म्हणाले, “आधी तेथे जाऊ.” ते उत्तर स्थानकाच्या स्मारकाजवळ गेले. दहा पुरुष नव्हते, म्हणून कद्दीश झाले नाही. त्यांनी तेहिलीम म्हटले, भिंतीवरील नावे सावकाश वाचली, आणि रेल्वेत काम केलेल्या माणसाच्या सवयीने रुळांच्या पट्ट्या व जुने बोल्ट पाहत बराच वेळ उभे राहिले. परतल्यावर त्यांनी हॉटेलाविषयी पुन्हा काही हरकत घेतली नाही.

आणि मग गंमत झाली. खोलीत रेशमी पडदे होते, सहा उशा होत्या, न्हाणीघरात संगमरवर होता. त्यांतील कशाकडेही वृद्ध गृहस्थांनी पाहिले नाही. पहाटे पाच वाजता उठून, मोलकरणीस त्रास नको म्हणून आपला पलंग आपणच आवरून, ते खिडकीशी खुर्ची ओढून बसले. खाली श्टुटगार्टच्या स्थानकाचे काम चालले होते. पाउल बोनाट्स या वास्तुशिल्पकाराने बांधलेले हे दगडी स्थानक आपल्या बोरीबंदरसारखेच शेवटचे स्थानक. गाडी आत येते आणि आली तशीच उलटी बाहेर पडते. २०१० सालापासून ते बदलून, जमिनीखाली, आरपार जाणारे आठ रुळांचे स्थानक करण्याचे काम सुरू झाले. कमळाच्या देठासारखे वर पसरत जाणारे अठ्ठावीस काँक्रीटचे खांब त्याचे छत तोलतात. उद्घाटनाची तारीख किती वेळा पुढे ढकलली गेली, हा तेथील लोकांच्या थट्टेचा विषय होऊन बसला. या फिटरला मात्र ते काम म्हणजे मेजवानी वाटली. सोळा रुळांचे टोक कसे तोडले असेल, गाड्या चालू ठेवून खालून खणणे कसे जमले असेल, हे त्यांनी नातवाला हॉटेलच्याच टाचणवहीवर काढून दाखविले. दोन रात्रींच्या भाड्यात त्यांना मिळाले ते हे, आणि हे गेर्लिंगेनच्या घरातून दिसले नसते.

सासूबाई मात्र नऊपर्यंत निजल्या. न्याहारी साडेदहापर्यंतच मिळणार, म्हणून मुलगा चुळबुळ करू लागला, तेव्हा वडिलांनी त्यास थांबविले. अश्कलोनच्या दामा बेन नेतिनाची गोष्ट आपणांस ठाऊकच आहे. पेटीची किल्ली निजलेल्या बापाच्या उशाखाली होती, म्हणून त्याने रत्नांचा लाखोंचा सौदा जाऊ दिला, पण बापास उठविले नाही. न्याहारी त्याहून महाग नव्हती.

हे लिहिताना गेर्लिंगेनच्याच एका बापलेकांची आठवण होते. शिलरहोएला ज्याचे नाव दिले आहे, त्या फ्रीडरिश शिलर या महाकवीचे वडील योहान कास्पार शिलर हे जवळच्या सोलिट्यूड राजवाड्यातील बागांचे अधिकारी होते. मुलगा लष्करी वैद्य होता. ड्यूक कार्ल ऑयगेन याने त्याला लिहिण्याची बंदी केली, तेव्हा २२ सप्टेंबर १७८२ च्या रात्री, रशियाच्या राजपाहुण्यांसाठी सोलिट्यूडवर रोषणाई चालू असता, तो श्टुटगार्टहून पळून गेला. वडिलांस त्याने सांगितले नव्हते. ते लष्करी अधिकारी. विचारणा झाली तर आपणांस ठाऊक नव्हते, असे त्यांना खरेपणाने सांगता यावे म्हणून. अकरा वर्षांनी, १७९३ साली, मुलगा परत आला आणि लुडविग्सबुर्गला राहिला. तेथून सोलिट्यूडपर्यंत सरळ आखलेला सुमारे तेरा किलोमीटरांचा रस्ता आहे. त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी वडिलांस सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता झाडे. हजारो फळझाडांची रोपे त्यांनी लावून वाढविली होती आणि त्या अनुभवावर एक ग्रंथ लिहिला होता. मुलाने त्यास प्रकाशक मिळवून देण्यासाठी खटपट केली आणि १७९५ साली ग्रंथ छापून निघाला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात वडील वारले. मुलगा दूर येना येथे होता, येऊ शकला नाही. वडिलांचे दफन गेर्लिंगेन येथे झाले. राजवाड्याच्या दारात आयुष्य काढलेल्या त्या माणसास राजवाड्यातील एक रात्र भेट मिळाली असती, तर ती या छापील पुस्तकाइतकी मोलाची वाटली असती असे आम्हांस वाटत नाही. मुलास बापाचा ध्यास ठाऊक होता, तसा रेल्वेच्या कामाकडे उघडणारी खिडकी मागून घेणाऱ्या मुलासही तो ठाऊक असावा. सूनबाई लिहितात, की खिडकी योगायोगाने मिळाली. आमचा त्यावर विश्वास नाही.

ज्यांचा असा बेत असेल त्यांच्यासाठी थोडी उपयुक्त माहिती. खोली घेताना ती शब्बाथच्या रात्री घेऊ नये, कारण दारे विजेच्या कार्डाने उघडतात आणि दिवे आपोआप लागतात; घ्यावीच लागली तर साधी किल्ली मिळेल काय ते आधी विचारावे. न्हाणीघरात उंच काठाचे टब असते, वृद्धांचा पाय तेथे हमखास घसरतो. बिनउंबऱ्याची शॉवरची जागा असलेली खोली मागावी. जर्मनीत परदेशी पाहुण्याला नोंदणीच्या कागदावर सही करावी लागते. २०२५ पासून जर्मन नागरिकांस ती माफ झाली आहे, आपल्याला नाही. शेजारचा पाहुणा सही न करता पुढे गेला, तर वडिलांनी त्याचा वेगळा अर्थ घेऊ नये म्हणून हे आधीच सांगून ठेवावे. काश्रुथ पाळणाऱ्यांनी न्याहारीत फळे, कच्च्या भाज्या व स्वतःचे डबे यांवर भिस्त ठेवावी.

कित्येक वाचक मातापित्यांस मुंबईलाच नेऊ इच्छितात, आणि त्यांच्या मनात ताजमहाल हॉटेल असते. आमच्या पिढीने अपोलो बंदरावर उभे राहून तो घुमट शेकडो वेळा पाहिला, पण आत पाऊल टाकले नाही. गेर्लिंगेनचे वृद्ध गृहस्थही श्टुटगार्टच्या हॉटेलात शिरताना सुनेला हेच म्हणाले होते. जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्यांनी ताज बांधले, अशी कथा सर्वत्र सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. पुरावा आहे तो असा, की १६ डिसेंबर १९०३ रोजी ते उघडले आणि त्याचा मूळ आराखडा करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे आपले मराठी वास्तुशिल्पी होते. पहिल्या महायुद्धात तेथे जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. २००८ च्या नोव्हेंबरात झालेल्या हल्ल्यात ताजही होरपळले आणि नरिमन हाउसमधील आपले बांधवही मारले गेले. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली.

इस्राएली पासपोर्टवर जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की हिंदुस्थानातील हॉटेलवाल्यास परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवावी लागते. पासपोर्ट व व्हिसा हाताशी असू द्यावा. मुक्कामाचा खर्च ज्यांस झेपत नाही, त्यांनी पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये दुपारच्या चहाला जावे. बंदराकडील खिडकीजवळचे टेबल काही दिवस आधी सांगून ठेवावे आणि वडिलांनी बिल मागितले तर त्यांना पाहू द्यावे.